कूट, खपली आणि एगलेस केक

सातारा-सांगलीकडच्या स्वयंपाकात कूट कशात नाही ते शोधावं लागतं. वांगं, मेथी, कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी; सांगलीच्या भडंगात तर अख्खे दाणेच. अशा घरात एखाद्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली की सल्ला ठरलेला: "खरपूस भाजून द्या, बाधत नाही." प्रत्यक्षात भाजल्यानं दाण्यातली त्रासदायक प्रथिनं जात नाहीत, उलट जास्त तीव्र होऊ शकतात. "थोडं थोडं देऊन सवय लावा," हे त्याहून धोक्याचं. लहान बाळांना वेळेत शेंगदाणा चाखवला तर ॲलर्जी टळू शकते, असं लंडनच्या 2015 च्या अभ्यासात दिसलं खरं. पण तो ॲलर्जी होऊ नये म्हणूनचा उपाय. झालेल्या ॲलर्जीवर घरी प्रयोग करायचे नसतात. ओठ सुजले, श्वास लागला तर हळद-दूध करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

लाकडी घाण्याचं तेल शुद्ध म्हणून निर्धास्त वापरतात. त्यात दाण्याची प्रथिनं उरतात. रिफाइंड तेलात ती जवळजवळ नसतात. इथे 'शुद्ध' तेच जास्त धोक्याचं.

खपलीची खीर पचायला हलकी, म्हणून "खपलीत ग्लुटेन नसतं" हा समज पक्का बसला आहे. खपली हा गहूच, त्यात ग्लुटेन असतंच; ग्लुटेन न सोसणाऱ्या सीलिॲकच्या रुग्णाला ती वर्ज्य. ज्वारी चालते, पण गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याचं पीठ तिच्यात येतं. बाजारच्या हिंगपुडीतही बहुधा मैदा असतो.

गाईचं दूध सोसत नाही म्हणून शेळीचं देणंही फसवं. दोन्हींतली प्रथिनं इतकी सारखी की बहुतेकांना तेही बाधतं. साहजिकच कंदी पेढाही बंद.

केकचं काय? 'एगलेस' म्हणजे फक्त अंडं नाही. त्यात बहुधा दही किंवा कंडेन्स्ड मिल्क असतं. घरी ज्वारीचा केक करताना भाकरीचीच युक्ती चालते. चिकटपणा नसलेल्या पिठाला उकळतं पाणी सांधतं, म्हणून थोडं पीठ आधी उकडून घ्या आणि पिकलं केळं कुस्करून घाला. कुटाऐवजी भाज्यांत सुकं खोबरं भाजून घालता येतं. तीळ मात्र विचारून, कारण त्याचीही ॲलर्जी असते.

पाकिटावर दूध, गहू, शेंगदाणा, सोया, अंडं यांची सूचना छापणं 2020 च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक आहे. बेकरीतल्या सुट्या नानकटाईला पाकीटच नसतं. तिथे तूप की डालडा एवढंच न विचारता, त्याच ट्रेमध्ये आधी काय भाजलं होतं तेही विचारा.