जुन्या गाडीचं ईसीएम खरंच गेलंय का?

लकडगंजातल्या जुन्या झेन, सँट्रोवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. भर उन्हात इंजिन बंद पडतं, थंड झालं की सुरू होतं आणि लगेच निदान येतं, "ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलं." थोडं थांबा. क्रँक सेन्सर किंवा मेन रिले खराब असला तरी गाडी अशीच वागते. त्यात आपलं नागपूर! 23 मे 2013 ला इथं पारा 47.9 अंशांवर होता. बॉनेटखालचं विचारूच नका.

आधी अर्थिंग तपासा. सेल्फ मारताना मल्टीमीटरची एक पिन ईसीएमच्या अर्थ वायरला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष वायरिंगमध्ये. मग सेन्सरची 5 व्होल्टची लाइन बघा. एखादा सेन्सर शॉर्ट झाला की ती खाली बसते आणि चांगलं ईसीएमही मेल्यासारखं दिसतं. शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल तर नवं ईसीएमसुद्धा जाळते, म्हणून जुनं का गेलं ते शोधल्याशिवाय नवं लावू नका.

कधी कधी आतले कपॅसिटरच गळालेले असतात. ते बदलणारा जाणकार मिळाला तर माझं मत रिपेअरलाच.

सेकंडहँड घ्यायचं ठरलंच, तर स्टिकरवरचा पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळवा. बिल मागाच. इमोबिलायझर असेल तर किल्ल्यांचं कोडिंग करावं लागतं किंवा जुन्या चिपमधला डेटा नव्यात टाकावा लागतो. कनेक्टर काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा.