लेक फोर्कचा हिवाळी बास

थंडीत बास मासा गळाला लागत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक तारीख: २४ जानेवारी १९९२. टेक्सासमध्ये डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क जलाशय आहे. तिथे त्या दिवशी बॅरी सेंट क्लेअर यांना १८.१८ पौंडांचा, म्हणजे सुमारे सव्वाआठ किलोंचा लार्जमाउथ बास मिळाला. राज्याचा हा विक्रम तीस वर्षांहून जास्त टिकला. गंमत म्हणजे ते बसले होते क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी, गळाला जिवंत मासोळी लावून!

पाणी गार झालं की बासचं शरीर मंदावतं, पचन रेंगाळतं, भूक घटते. तो बुडालेल्या ओढ्याच्या जुन्या पात्रात, पाण्याखालच्या झाडांच्या आडोशाने थांबतो. भक्ष्यामागे पळणं त्याला परवडत नाही, म्हणून आमिष अगदी नाकासमोर हवं. जिग, म्हणजे वजन जडवलेला गळ, तळावरून सावकाश सरपटवा. जर्कबेटला, म्हणजे माशासारख्या लांबट कृत्रिम आमिषाला, दोन हलके झटके द्या आणि मग हात आवरा, अगदी कंटाळा येईपर्यंत. बास बहुधा त्या थांब्यातच तोंड घालतो. झटका बसेलच असं नाही. दोरी नुसती जड वाटली तरी गळ ओढा.

पहाटे कुडकुडण्याचा हट्ट कशाला? उन्हाने पाणी जरा तापलं की दुपारी मासा जास्त हलतो. फेब्रुवारीत पाणगवतावरून लाल लिपलेस क्रँकबेट हे कृत्रिम आमिष फिरवायची टेक्सासमध्ये जुनी आवड आहे. मला विचाराल तर रंगापेक्षा वेग महत्त्वाचा.

आणि १३ पौंडांहून मोठा बास लागलाच, तर जानेवारी ते मार्चमध्ये तो राज्याच्या 'शेअरलंकर' उपक्रमाला प्रजननासाठी देता येतो.