पिकअपचा हँडब्रेक धरत नाही? तार आवळण्याआधी ड्रम उघडून पाहा

बैलगाडी उतारावर सोडायची तर चाकाखाली दगड टाकल्याशिवाय आपण बैलांच्या मानेवरचं जू काढत नव्हतो. आता वस्तीगणिक एखादी पिकअप दिसते. कांदा, टोमॅटो, दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, सगळं तिच्यावर चालतं. पण दगड टाकण्याची सवय मात्र गेली. दांडी ओढली की गाडी उभी राहिली, असं आपण धरून चालतो. भरलेल्या गाडीत दीड टन माल असतो आणि गाडीचं स्वतःचं वजन साधारण तेवढंच. एवढं ओझं मागे सरकू लागतं तेव्हा फाळक्यामागे गोण्या उतरवणारा आपलाच माणूस उभा असतो, हे विसरू नका.

हँडब्रेक चालतो कसा, ते आधी पाहू. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, हँडब्रेक तारेवर. दांडी ओढली की गाडीच्या पोटाखालची तार, म्हणजे केबल, ताणली जाते आणि तिचा ओढा मागच्या दोन्ही चाकांकडे जातो. चाकाच्या ड्रममध्ये अर्धचंद्रासारखे दोन ब्रेक शू असतात व त्यांवर लायनर बसवलेले असतात. तार आतली एक छोटी पट्टी ओढते, पट्टी शू फाकवते आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबून बसतात. बहुतेक पिकअपमध्ये पायाच्या ब्रेकलाही मागे हेच शू वापरले जातात.

लायनर झिजला की शू आणि ड्रम यांमधलं अंतर वाढतं. मग दांडी पहिल्यापेक्षा वर येऊ लागते. अशा वेळी आपण काय करतो? गाडीखाली शिरून तारेचं नट आवळतो. दोन दिवस ब्रेक धरतो, की काम झालं म्हणायचं! पण रोग ड्रममध्ये आणि औषध तारेला, असा हा प्रकार आहे. तार फाजील ताणली की आतली पट्टी पूर्ण मागे जात नाही. शू ड्रमला घासत राहतात, आणि अंतर आपोआप जुळवणारी योजना ज्या गाडीत असते तीही काम करीनाशी होते. डिझेल जास्त जातं ते वेगळंच. माळशेज किंवा कसारा घाट उतरून वाशीच्या बाजारात माल नेणाऱ्यांनी तर हे फार सांभाळावं. आधीच घासून तापलेल्या ड्रमवर घाटात पायाचा ब्रेक वारंवार दाबला, की लायनरची पकड कमी होते आणि ऐन वळणावर ब्रेक हलका लागतो.

दोष कुठे आहे याचा अंदाज दांडीच देते. चांगल्या स्थितीतला हँडब्रेक साधारण पाच ते आठ कट्‌कट् आवाजांत गाडी धरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. दांडी वरपर्यंत सैल येत असेल तर एक तर तार ढिली किंवा तुटलेली, नाहीतर लायनर झिजलेले. दांडी ओढल्यावर घसरून खाली बसत असेल तर तिचे दाते किंवा खुंटी झिजली आहे. तिथे तार आवळून काहीच होणार नाही. दांडी चांगली कडक लागते आणि तरीही गाडी सरकते, तेव्हा लायनरला तेल लागलं असावं, तो काचेसारखा गुळगुळीत झाला असावा, नाहीतर तार गंजून आतच अडकत असावी. शेवटचा दोष आपल्याकडे नवलाचा नाही. चिखलातून गाडी जाते, युरियाच्या गोण्या सांडतात, आणि तारेच्या आवरणाला चीर पडली की पाणी आत जातं.

आता प्रत्यक्ष काम. जागा सपाट आणि टणक हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. हे अशासाठी की मागचं एक चाक जॅकवर उचललं की गिअरचा आधार जातो. उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि गाडी गिअरमध्ये असूनही सरकू शकते. हँडब्रेक तर आधीच आजारी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नका, लोखंडी स्टँड द्या.

दांडी पूर्ण खाली सोडून तारेचं नट ढिलं करा आणि मग ड्रम काढा. ड्रम अडला तर घणाने बडवू नका. त्याला पेचाची दोन भोकं दिली असतील तर त्यांत बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी थोडेथोडे पिळा, ड्रम आपणहून बाहेर येतो. आतली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. काही लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

लायनर रिव्हेटच्या डोक्याला टेकत आला असेल तर बदला. दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. एका बाजूचे नवे, दुसऱ्या बाजूचे जुने असं केलं तर ब्रेक सारखा लागत नाही. ड्रमला आतून खोल चरे पडले असतील तर तो वर्कशॉपमध्ये दाखवावा लागेल. लायनर ओला दिसला तर आधी गळती शोधा. दाट, उग्र वासाचं तेल असेल तर ॲक्सलचा सील गेला आहे. पातळ असेल आणि रंगाचे पापुद्रे निघाले असतील तर ते ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलेंडर गळतो आहे. ही दुसरी गोष्ट गंभीर समजा, कारण इथे पायाचा ब्रेकही धोक्यात आहे. सिलेंडर दुरुस्त होऊन ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. तेलात भिजलेले लायनर चुलीवर भाजून किंवा रॉकेलने धुऊन पुन्हा बसवणारे लोक आहेत. तसं करू नका. तेल लायनरच्या अंगात मुरलेलं असतं आणि तापल्यावर पुन्हा वर येतं. नवे लायनर घालावेत, खर्च वाढला तरी.

ड्रम बसवल्यावर आधी शूचं अंतर जुळवायचं, तारेला हात नंतर. ड्रममागच्या पत्र्याला रबरी बूच असलेलं भोक असतं. त्यातून स्क्रू ड्रायव्हर घालून आतली दातेरी चाकी फिरवावी. चाक जाम होईपर्यंत फिरवा, मग थोडी उलटी फिरवून चाक मोकळं करा. किंचित घासल्याचा आवाज आला तर चालेल. पायाचा ब्रेक चार-सहा वेळा दाबून शू जागेवर बसू द्या आणि अंतर पुन्हा तपासा. ज्या गाडीत ही चाकी नसते तिथे मिस्त्रीला विचारूनच हात घाला. आता तारेचं नट बेताने आवळा. दांडी खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत, आणि ओढताना दोन्ही बरोबरीने आवळली पाहिजेत. एकच आवळलं तर दुसऱ्या बाजूची तार अडकली आहे, ती बदलावी.

ब्रेक दुरुस्त झाला तरी चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर, उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स टाकून ठेवा. माल चढवताना-उतरवताना चाकाखाली दगड हवाच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमानेही चालक जागेवर नसताना गाडी आपोआप चालू लागणार नाही याची तजवीज करणं चालकावर बंधनकारक आहे. पावसाळ्यात मात्र ओली गाडी रात्रभर सपाट जागी उभी करायची असेल तर गिअर आणि दगडावर ठेवा, हँडब्रेक ओढू नका. ओले शू गंजून ड्रमला चिकटतात.

आता चाचणी घ्या. रिकामी गाडी मामुली उतारावर, मागे-पुढे कोणी नाही असं पाहून, नुसत्या हँडब्रेकवर उभी करा आणि पाय पेडलजवळच ठेवा. धरली तर आठ-दहा किलोमीटर चालवून आणा आणि मागच्या चाकांजवळ हात न टेकता उष्णता पाहा. एखादं चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल तर तिथली तार किंवा शू अजून घासतो आहे. माल भरण्याआधी ते चाक पुन्हा उघडा.