यकृताची पुनर्वृद्धि

मुलानें पित्यास यकृताचा भाग द्यावा, अशा शस्त्रक्रिया हल्लीं आपल्याकडेही होतात. कापलेलें यकृत पुन्हा वाढेल काय, ही घरच्या मंडळींची पहिली चिंता. वाढतें, मात्र गेलेला तुकडा पुन्हा फुटत नाहीं, उरलेला भागच मोठा होऊन भरपाई करितो. १९३१ सालीं हिगिन्स व अँडरसन यांनीं अमेरिकेंत उंदरांचें दोनतृतीयांश यकृत कापून हें सप्रयोग दाखविलें. उंदरांत ही भरपाई सातदहा दिवसांत होते. माणसांत पहिल्या कांहीं आठवड्यांत वाढ झपाट्याची असते.

परंतु यकृतपेशी हें काम आपणहून आरंभीत नाहींत. यकृताच्या सूक्ष्म रक्तमार्गांत कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या भक्षकपेशी पहारा करितात. शस्त्रक्रियेनंतर आंतड्यांकडून येणारें सारें रक्त उरलेल्या लहान भागांतूनच वाहतें. त्यांतील जंतुजन्य पदार्थांची चाहूल लागतांच हे पहारेकरी इंटरल्यूकिन-६ वगैरे द्रव्यें सोडतात. द्रव्यें दाहाचींच, पण त्यांच्याच हांकेनें निजलेल्या यकृतपेशी विभाजनास सिद्ध होतात. १९९६ सालीं अमेरिकेंत हें द्रव्य उपजतच नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. त्यांचें यकृत नीट वाढेना. शस्त्रक्रियेपूर्वीं तेंच द्रव्य टोंचल्यावर वाढ सुधारली. दाह म्हणजे केवळ वैरी, ही आपली समजूत येथें ढिली पडते.

अर्थात् चूल पेटविली तशी ती आवरलीही पाहिजे. हांक पोंचतांच यकृतपेशी तिला लगाम घालणारें प्रथिन स्वतःच बनवितात. विषानें यकृत होरपळल्यास रक्तांतून आणखी भक्षकपेशी धांवून येतात, मेलेल्या पेशी गिळतात, आणि गिळतां गिळतां त्यांचा स्वभावच पालटतो. दाह आवरून त्या व्रणतंतु विरघळविण्यास लागतात. २००५ सालीं एडिंबरोच्या संशोधकांनीं उंदरांतील या पेशी दोन निरनिराळ्या वेळीं नाहींशा करून पाहिल्या. इजा चालू असतां त्या काढल्या, तेव्हां व्रणतंतु कमी झाले. इजा थांबल्यावर काढल्या, तेव्हां सांचलेले तंतु विरघळेनात! या सर्व विषयांत आम्हांस हाच प्रयोग अधिक मार्मिक वाटतो.

मद्यपान किंवा जुनाट विषाणुजन्य कावीळ वर्षानुवर्षें चालली, तर दाह शमण्यास सवडच मिळत नाहीं. तंतु सांचत जातात व यकृत कठीण होतें. दाता निवडतांना वैद्य त्याच्या यकृतांतील चरबी व व्रणतंतु यांची कसून तपासणी करितात, आणि पुष्कळदां प्रेमानें पुढें आलेल्या मुलासही नाहीं म्हणतात, तें याचसाठीं.