बडोद्याचा पाऊस : आला कुठून, गेला कुठे?

मंडळी, जलचक्राची आकृती आपण सगळ्यांनीच शाळेत काढली आहे. समुद्राची वाफ, वाफेचे ढग, ढगांचा पाऊस आणि नदीवाटे पाणी पुन्हा समुद्रात. आम्हा बडोदेकरांच्या तर ती आकृती दारावरूनच वाहते.

अरबी समुद्रावरून आलेला पाऊस पावागडावर कोसळतो. तिथे उगम पावलेली विश्वामित्री शहरातून वळणं घेत जाते, पुढे ढाढरला मिळते आणि ते पाणी खंबातच्या आखातात पोचतं. पृथ्वीवरचं सुमारे ९७ टक्के पाणी खारं. मीठ मागे ठेवून गोडं पाणी जमिनीवर आणतो तो पाऊसच. हवेतली वाफ सरासरी नऊ-दहा दिवसांत पुन्हा खाली येते. आभाळ साठा करत नाही. साठवायचं काम जमिनीचं.

सयाजीराव महाराजांनी हे ओळखलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आजव्याला मातीचं धरण बांधून सयाजी सरोवर उभं केलं. चार महिन्यांचा पाऊस शहराला बारा महिने पुरावा, हा त्यामागचा हिशोब. त्याआधीच्या पिढ्यांनी वावी खणल्या. राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव आजही उभी आहे.

आता डांबर, काँक्रीट आणि फरशांमुळे पाणी मुरायला जागा उरली नाही. ३१ जुलै २०१९ला चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, वर्षाच्या सरासरीच्या जवळजवळ निम्मा! ऑगस्ट २०२४मध्ये, गोकुळाष्टमीच्या सुमारास, विश्वामित्रीने ३५ फूट ओलांडले; धोक्याची पातळी २६ फूट. शहरातला पाऊस ओसरला तरी वरचं पाणी येतच होतं. आमच्या गल्लीत सगळ्यांनी तळमजल्यावरचं सामान माडीवर चढवलं. आणि मार्च उजाडताच त्याच गल्लीत टँकर!

एक सोपा हिशोब सांगते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर २०१९च्या त्या एका दिवसात ५०,००० लिटर पडलं. दहा हजार लिटरचे पाच टँकर!

गेल्या उन्हाळ्यात आम्ही अंगणात शोषखड्डा खणून दगड, विटांचे तुकडे आणि वाळू भरली. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडतो, गच्ची धुऊन निघते. नंतरचं सारं खड्ड्यात. एका घराने पूर थांबत नाही, हे खरं. पण गल्लीतल्या वीस घरांनी केलं, तर विश्वामित्रीवरचा भार तेवढा हलका होईल आणि उन्हाळ्यात बोअरला तेवढं पाणी जास्त राहील. या पावसाळ्याआधी तुम्हीही गच्चीचा पाइप कुठे जातो ते जरूर पाहा.