मानशीवरची गरी : खाजनातली हिवाळी मासेमारी आणि एका दाराची गोष्ट

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका तरुण सभासदाने मला विचारलं, "सर, तुम्ही खाजनांच्या इतिहासावर तासभर बोलता, पण हिवाळ्यात अमावास्या आली की गरी घेऊन गायब का होता?" सगळे हसले, मीही हसलो. वेळ संपली होती, म्हणून उत्तर राहून गेलं. ते इथे सविस्तर देतो. इंदूर, बडोदा, बेळगावकडचे वाचकही ही टिपणं वाचतात, त्यामुळे गोव्यातले काही शब्द आधी सोडवून सांगतो. गोवेकरांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

गरी म्हणजे मासे धरायचा गळ आणि गरवणं म्हणजे गळ टाकून बसणं. आमच्या फोंडा भागात हिवाळ्यात गरवायला जाणं ही जुनी सहल आहे. सामान थोडकंच असतं: बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, बाटलीचं बूच, डब्यात जिवंत सुंगटां म्हणजे कोळंबी, आणि कागदात बांधलेले पाव. जागा मात्र कुठलीही चालत नाही. जाणता माणूस नदीचा उघडा काठ सोडून मानशीपाशी जाऊन बसतो. का, ते कळायला खाजन कळलं पाहिजे.

खाजन म्हणजे काय

मांडवी, झुवारी या आमच्या नद्यांत समुद्राची भरती खूप आतपर्यंत चढते. त्यामुळे काठची सखल जमीन मूळची खारी, दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारी. ती बांध घालून शेतीखाली आणली, तिचं नाव खाजन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर धरतात. बांध चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचा. बाहेरच्या अंगाला खारफुटी असते, ती लाटांचा मार झेलते. आतली शेतं कित्येक ठिकाणी भरतीच्या पातळीपेक्षा खाली. बांध फुटला तर नदी सरळ भाताच्या वाफ्यात.

ही व्यवस्था किती जुनी? फोंडा तालुक्यातल्या बांदिवडे इथे मौर्य राजा अनिर्जितवर्मन याचा ताम्रपट मिळाला आहे. साधारण सहाव्या शतकाच्या आसपासचा. त्यात 'खज्जन' जमीन दान दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे आपला 'खाजन' हा शब्द तेव्हाही दप्तरी होता. पुढे १५२६ साली पोर्तुगिजांनी तिसवाडीतल्या गावकऱ्यांचे रिवाज 'फोराल' नावाच्या सनदेत लिहून घेतले. आमचं फोंडा तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हतं, ते अठराव्या शतकात गेलं. पण बांध गावाने राखायचा ही रीत दोन्हीकडे होती.

मानस कशी चालते

बांधात एक तोंड ठेवलेलं असतं, त्याला मानस म्हणतात. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचं बांधकाम आणि मध्ये लाकडी दारं. दारं नदीच्या बाजूला उघडतात. भरतीला बाहेरचं पाणी चढलं की ते दाराला ढकलून मिटवतं. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं साचलेलं पाणी दार उघडून बाहेर जातं. राखणदाराने रोज चार वेळा येऊन हात लावायची गरज नाही.

माझा पिंड इंजिनिअरचा, आकडा मांडल्याशिवाय समाधान होत नाही. समजा दाराबाहेर १.२ मीटर पाणी आहे आणि आत ०.९ मीटर. फरक फक्त ३० सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभराहून थोडा जास्त. तरी एक मीटर रुंदीच्या दारावर बाहेरून आत सुमारे ३०० किलोचा जोर येतो. चार माणसं वजनाला लटकवल्यासारखं. दार घट्ट मिटायला तेवढं पुरतं.

मानशीच्या आत एक खोलगट तळं असतं, त्याला पोंय म्हणतात. शेतातले पाट येऊन त्यात मिळतात. भरती असताना दार बंद, तेव्हा वरून येणारं गोडं पाणी पोंयीत साठून राहतं, आणि ओहोटी लागली की निघून जातं. मानशीच्या तोंडाशी पाण्याच्या धारेने खड्डा पडलेला असतो. नदी, कालवा आणि तळं अशी तिन्ही पाणी त्या दहा पावलांत एकत्र येतात. मासेही तिथेच येतात.

हिवाळाच का

पावसात खाजनात सरद, म्हणजे पावसाळी भात, उभं असतं. कोरगूट हे जुनं वाण थोडा खार सोसतं, म्हणून खाजनात तेच चालत आलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी झाली की जिथे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, करायचं नाही तिथे मानशीतून खारं पाणी आत घेतात. त्याबरोबर मासळीची बारीक पिल्लं आणि सुंगटां आत येतात. उरलेला पेंढा आणि धसकटं कुजतात, त्यावर शेवाळ येतं, आणि पिल्लांना खाणं मिळतं. नदीचं गढूळ पाणी तोवर निवळलेलं असतं.

वेळेचंही गणित आहे. आपल्या किनाऱ्यावर दोन भरत्यांत साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, मुरगावला भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. म्हणजे ओहोटी संध्याकाळी आणि पहाटे. नदीत वर जावं तसा थोडा उशीर धरायचा. म्हणून उधाणाच्या दिवशी दिवेलागणीला मानस जोरात वाहत असते. आतली सुंगटां धारेबरोबर बाहेर फेकली जातात आणि मोठा मासा खड्ड्यात तोंड उघडून उभा असतो. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी आळसावलेलं. तेव्हा गेलात तर पाव खाऊन परत याल.

कोण कुठे सापडतो

शेवटो चिखलावरचं शेवाळ खाणारा, तोंड इवलंसं. त्याला पिठाची गोळी आणि अगदी बारीक गरी लागते. तो पोंयीच्या उथळ पाण्यात थव्याने फिरतो, आणि दचकला की उड्या मारतो.

काळुंदर बांधाच्या दगडांना चिकटून असतं. त्याला गांडूळ चालतं. बूच हळूच तिरकं होतं, बुडत नाही. तेवढ्यात ओढायला नजर लागते.

तांबसो दगडांच्या कपारीत दबा धरून बसतो. जिवंत सुंगट दिसलं की झडप घालतो आणि तंगूस घेऊन परत कपारीत शिरतो. पहिल्या दोन हातांत वर ओढला नाही तर गेलाच.

चणक हा मानशीचा राजा. तो धारेच्या कडेला, संथ पाणी जिथे सुरू होतं तिथे उभा राहतो. त्याच्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. चणक तरुणपणी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटो काढण्यासारखा मोठा मासा बहुतेक वेळा अंड्यांची मादी असते. मी हल्ली मोठा चणक परत सोडतो. घरी बोलणी खावी लागतात, ते वेगळं.

आणखी एक, पाण्यात पाय सोडून बसू नका. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथून झुवारीही लांब नाही. दुर्भाट-आडपईच्या पट्ट्यात पौषी अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, तिला मानगें थापणी म्हणतात. मानगें म्हणजे मगर. हिवाळा, अमावास्या, उधाण आणि बांधाचाच चिखल, सगळं त्या एका दिवशी जुळून येतं. शेतातल्या माणसाने पाण्यातल्या धन्याला केलेला तो नमस्कार आहे, असं मी समजतो.

माझी चूक

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

मला गरवायला मामाने शिकवलं. त्याच्या गावची मानस म्हणजे माझी शाळा. गावाचं नाव इथे घेत नाही. मी पदवी घेऊन नोकरीला लागलो तेव्हा त्या मानशीची लाकडी दारं जुनी झाली होती. फटींतून पाणी ठिबकायचं, भरतीला आत झिरपायचं. गावच्या लोकांनी मला मानाने विचारलं, भाचा इंजिनिअर आहे, काय करावं? मी बांधावर उभा राहून पाच मिनिटांत सांगितलं, लोखंडी दार बसवा, वरखाली सरकणारं, चाकाने फिरवायचं. फट राहणार नाही.

दार बसलं. पहिल्या हिवाळ्यात मी हौसेने गरी घेऊन गेलो. संध्याकाळभर बूच हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामा शेजारी बसला होता. तो एवढंच म्हणाला, "दार बरें आसा रे, पूण तें उदकाचें आयकना." दार चांगलं आहे, पण ते पाण्याचं ऐकत नाही.

त्याचा अर्थ मला हळूहळू कळला. लाकडी दार पाण्याच्या पातळीप्रमाणे आपोआप मिटायचं-उघडायचं. माझं दार माणसाची वाट बघायचं. मध्यरात्रीच्या ओहोटीला चाक फिरवायला कोण येणार? आणि ज्या फटींना मी दोष म्हटलं, त्यांतून भरतीबरोबर नखाएवढी पिल्लं आत यायची. पुढे कधीतरी मी हिशेब केला. फटींतून सेकंदाला २० लिटर पाणी सहा तास आत आलं तर होतं ४३२ घनमीटर. एक हेक्टरच्या पोंयीत त्याने पातळी चढते चार-सव्वाचार सेंटिमीटर. म्हणजे शेताला धोका काहीच नाही. पोंय त्यासाठीच एवढी मोठी ठेवलेली होती. हा हिशेब मी दार बसवण्याआधी करायला हवा होता. पाच मिनिटांचं काम होतं.

तिसऱ्या वर्षी खाऱ्या हवेने लोखंड खाल्लं आणि दार अर्ध्यावर अडकलं. ते ना वर जाईना, ना खाली. सगळं उधाण आत आलं. त्या पावसाळ्यात खालच्या दोन कुणग्यांत भात उगवलंच नाही. त्यातला एक कुणगा मामाचा होता. तो मला कधी काही बोलला नाही. गावाने पुन्हा लाकडी दारं बसवली. माझा इतिहासाचा अभ्यास सुरू झाला तो त्या वर्षी. आधीच्या माणसांनी एखादी गोष्ट तशी का केली, हे विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, एवढं शिकलो.

मासळी आणि भात

मानशीतून मिळणारी मासळी कोणाची? गावकरी, म्हणजे पोर्तुगीज काळात जिला कोमुनिदाद म्हणू लागले ती संस्था, मानशीची पावणी करायची. पावणी म्हणजे लिलाव. बोली जिंकणारा ओहोटीला मानशीच्या तोंडाला पिशवीसारखं जाळं लावायचा, आणि त्याच्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. म्हणजे मुद्दल भात, आणि मासळी त्यावरचं व्याज. व्याजाच्या पैशातून मुद्दल राखलं जायचं.

मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी मिळाली. शतकानुशतकं दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला ती मिळाली, हे न्यायाचंच झालं. पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघांकडे गेली, आणि प्रत्येक ठिकाणी ती तितक्याच नेटाने उचलली गेली नाही. इकडे मजुरी वाढली, भात परवडेना, आणि मासळीचा भाव चढत गेला. मग काही ठिकाणी मानस मासळीसाठीच चालवली जाऊ लागली. दारं हवी तेव्हा उघडी, खारं पाणी हवं तितकं आत. शेतं खारावली आणि पड राहिली. पड शेताचा बांध कोण बघणार? बांध फुटला की पोंय नदीत मिसळते, खड्डा भरून जातो आणि मासळीही जाते. व्याजाच्या लोभात मुद्दल बुडतं ते असं.

म्हणून मी गरवायला जातो तेव्हा बुचाइतकंच दाराकडे बघतो. दार आपोआप मिटतंय का, बांधाला कुर्ल्यांनी केलेली भोकं बुजवली आहेत का, आत धसकटं दिसतात की नुसता लव्हाळा माजलाय. धसकटं दिसली की समजायचं, यंदा भात झालं होतं, मासाही असणार.

तुम्हाला यायचं असेल तर या. पावणी घेणाऱ्याला आधी विचारायचं, त्याचं जाळं लागलं असेल तर गरी टाकायची नाही. उधाणाचा दिवस धरा, ओहोटीचा तळ गाठायच्या दोन तास आधी पोचा, विजेरी आणा. बांधावरून एका रांगेत चला, कडा तुडवू नका. आणि मानशीवर कोणी म्हातारा माणूस बसलेला दिसला तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. दाराबद्दल विचारा. तो सांगेल ते लिहून घ्या, आणि आपल्या मंडळाकडे पाठवा.