निवृत्त बंबाचे दुसरे काम

आगीचा बंब तुम्ही पाहिला असेलच. अकोले तालुक्यात राजूरच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो, पण उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात वाड्यावस्त्या टँकरची वाट पाहतात. समजा, एखाद्या कारखान्याने मोडीत काढलेला बंब तेथे आणला. टाकी आहे, पंप आहे, तो फिरवायला गाडीचेच इंजिन आहे. मग टँकर तयारच की!

पण थांबा. विहिरीतले पाणी पंप ‘ओढत’ नाही. आधी नळीतली हवा काढली जाते. मग पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाणी फार तर 10.3 मीटर चढवतो. राजूर उंचावर, म्हणून तेथे त्याहूनही कमी. घर्षण आणि गळती धरता हाती लागतात सातएक मीटर. मे महिन्यात विहीर त्याखाली गेली, की इंजिन कितीही गुरगुरो, थेंब यायचा नाही. तेव्हा पाण्यात बुडवून चालणारा पंपच हवा.

टाकीतले आडवेउभे पत्रे मात्र काढू नका. अर्धी टाकी घाटात हिंदकळली तर गाडीचा तोल जाईल. ते पत्रे पाण्याचा जोर मोडतात. आणि पिण्याचे पाणी भरायचे असेल, तर आत गंज किंवा आग विझवणाऱ्या फेसाचे रसायन उरले नाही ना, हे आधी तपासून घ्या. शंका असली तर टाकीच बदला.